ऐपतीचा दाखला वेगळा, पैशाचा पुरावा वेगळा: कॅनडाच्या स्टडी परमिटच्या फाइलीतला नेहमीचा घोळ

माझं काम भाषांतराचं. सातबारा, आठ-अ, जन्मदाखला, वारसनोंद असे मराठी कागद इंग्रजीत करायचे, खाली भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडायचं आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाबाहेर नोटरीचा शिक्का घ्यायचा. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला कागद इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्येच लागतात, आणि घरातल्या कुणी केलेलं भाषांतर चालत नाही. मुलीचं इंग्रजी माझ्यापेक्षा फर्डं असलं तरी बापाला माझ्याकडे यावं लागतं ते त्यामुळे.

मागच्या उन्हाळ्यात दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा, सगळ्यात वर महसूल अधिकाऱ्याच्या सहीचा ऐपतीचा दाखला. मुलीला कॅनडाच्या एका कॉलेजचं पत्र आलेलं. मी विचारलं, "काका, पैशाचे कागद कुठे आहेत?" त्यांनी दाखल्यावर बोट ठेवलं. "हा काय. दीड कोटीचा हाये. अजून काय दाखवायचं त्यांना?"

तो दाखला भाषांतरित करायला मला वीस मिनिटंसुद्धा लागली नसती. पण त्याने त्यांचं काम होणार नव्हतं, आणि ते समजावून सांगायला तासभर गेला. तोच तास इथे लिहिते आहे, कारण त्यांच्यासारखी फाइल दर आठवड्याला एखादी तरी येते.

ऐपतीचा दाखला म्हणजे सरकारने सांगितलेली तुमची पत. सेतूत अर्ज, तलाठ्याचा अहवाल, मग महसूल अधिकाऱ्याची सही. हा कागद मुळात कशासाठी? कोर्टात जामीन राहायचं असेल, सरकारी ठेका घ्यायचा असेल, तेव्हा उद्या वसुलीची वेळ आली तर या माणसाकडे पाठीमागे काही आहे ना, एवढंच त्यातून कळावं. म्हणजे तो कागद बोलतो तो न विकलेल्या, न मोडलेल्या मालमत्तेबद्दल. जमीन शेतातच आहे, बाग उभी आहे, आणि दाखल्यावर तिची किंमत आहे.

स्टडी परमिटच्या अधिकाऱ्याला पडलेला प्रश्न निराळाच असतो. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीत कलम २२० आहे. अर्जदाराने तिथे काम न करता शिक्षणाची फी, स्वतःचा राहण्याखाण्याचा खर्च आणि जाण्यायेण्याचं भाडं भागवता येईल एवढे पैसे आहेत हे दाखवावं, असं ते सांगतं. 'तिथे काम न करता' यावर मी भर देते, कारण निम्म्या घरांत हिशेब 'पोरगी तिकडे पार्टटाइम करेलच की' असाच मांडलेला असतो. करेलही. सत्र चालू असताना आठवड्याला २४ तासांपर्यंत कॉलेजबाहेर काम करायची मुभा आहे. पण ती कमाई अर्जाच्या हिशेबात धरता येत नाही.

आकडाही ठरलेला आहे. क्युबेक सोडून बाकी कॅनडात एकट्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाच्या राहणीखर्चासाठी १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. फी आणि प्रवास याच्या वर. २०२३ अखेरपर्यंत हाच आकडा १०,००० होता, १ जानेवारी २०२४ ला तो २०,६३५ झाला. म्हणून ज्यांचा भाचा २०१९ ला गेला ते काका ठामपणे 'सहा लाखात होतं' म्हणतात आणि चुकतात. आता नुसता राहणीखर्चच पंधरा लाखांच्या घरात जातो.

हे पैसे आहेत हे कशाकशाने सिद्ध करता येतं याची यादी खात्यानेच दिलेली आहे. विद्यार्थ्याच्या नावावर कॅनडातल्या बँकेत वळते केलेले पैसे, तिथल्या बँकेतली जीआयसी नावाची ठेव, बँकेचं शैक्षणिक कर्ज, मागच्या चार महिन्यांची बँक स्टेटमेंट, बँक ड्राफ्ट, फी किंवा राहण्याचे पैसे भरल्याची पावती, जो पैसे देणार त्याचं पत्र, शिष्यवृत्ती. यात सातबारा कुठेही नाही. घर नाही, सोनं नाही. मी हे सांगितल्यावर काकांचा चेहरा पडला, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं पटतही होतं. आमच्याकडे 'ऐपत' या शब्दात पैसा, जमीन, घराण्याचं नाव सगळं एकत्र येतं. ज्याच्याकडे दोन एकर बागाईत आहे त्याला पैसे नाहीत असं गावात कोण म्हणेल? इंग्रजीत मी त्या शब्दाला 'सॉल्व्हन्सी' लिहिते, पण तो बाप त्या दाखल्यातून जे सांगू पाहतोय ते त्या शब्दात उतरत नाही. परदेशी अधिकाऱ्याला दिसतं ते इतकंच की जमीन आहे, ती विकलेली नाही, आणि सप्टेंबरची फी त्या जमिनीतून कशी येणार हे कागदावर कुठेच नाही.

त्यात सातबारा हा कागद पूर्ण खरं बोलतो. काकांचा मी समोर ठेवून वाचला. क्षेत्र ०.८१ हेक्टर, म्हणजे दोन एकर. खातेदार चार: ते, त्यांचे दोन भाऊ आणि आत्या. खातं सामाईक, वाटणी झालेली नाही. आणि 'इतर अधिकार' या रकान्यात विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा. गावात या बोजाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, दरवर्षी पीककर्ज उचलायचं आणि भरायचं, त्याची नोंद तिथे पडूनच असते. पण मला ती भाषांतरात लिहावीच लागते. ऐपतीच्या दाखल्यावर दीड कोटी आणि त्याला जोडलेल्या सातबाऱ्यावर चार हिस्सेदार व कर्जाचा बोजा! हे दोन्ही कागद एकाच टेबलावर वाचणारा माणूस काय समजेल ते आपणच ताडावं.

काकांनी अगदी रास्त प्रश्न केला: "मग जमीन तारण ठेवून कर्ज काढतो की." इथेच ऐपत आणि पैसा यांतलं अंतर उघडं पडतं. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात, आणि तारण म्हणून शेतजमीन घ्यायला त्या नाखूश असतात. कारण साधं आहे: थकलेलं कर्ज वसूल करायला बँकांना ज्या सरफेसी कायद्याने (२००२) हात मोकळा दिला, त्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. बिगरशेती (एनए) प्लॉट किंवा शहरातला फ्लॅट चालतो. म्हणजे दिंडोरीची दोन एकर बाग ऐपतीच्या दाखल्यावर कितीही किमतीची असो, बँकेत नाशिकलगतच्या मखमलाबादचा छोटासा एनए प्लॉट तिच्यापेक्षा जास्त उपयोगाचा ठरतो. काकांना हे ऐकून हसू आलं. मला दरवेळी येतं.

मग बँक स्टेटमेंटकडे वळलो. आणि खरी गुंतागुंत इथे आहे, कारण शेतकऱ्याचं खातं नोकरदाराच्या खात्यासारखं चालत नाही. पगारदाराच्या खात्यात एक तारखेला ठरावीक रक्कम येते, डोळे मिटून वाचावं. द्राक्षवाल्याच्या खात्यात ऑक्टोबरची छाटणी झाली की औषधं, मजुरी, डिपिंग यांत पैसा फक्त जातो. माल खुडला, व्यापाऱ्याचा आरटीजीएस आला, की फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान एकदम आठ-दहा लाखांचा डोंगर उभा राहतो. सप्टेंबरच्या प्रवेशासाठी मे महिन्यात अर्ज केला तर चार महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये नेमका हाच डोंगर दिसतो. आणि जानेवारीच्या प्रवेशासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात अर्ज केला तर दिसतो तो खड्डा.

आता अडचण अशी, की हा प्रामाणिक डोंगर आणि उसनवारीचा डोंगर कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या बाजूला व्हिसा सल्लागारांच्या धंद्यात 'फंड दाखवायचे' असा शब्द रूढ आहे. पैसे असायचे असं कुणी म्हणत नाही, दाखवायचे म्हणतात. मेव्हण्याकडून, पतसंस्थेतून, कधी व्याजाने पैसे आणून खात्यात पंधरा दिवस ठेवायचे, बँकेकडून बॅलन्स सर्टिफिकेट घ्यायचं आणि परत करायचे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला सल्लागाराने हेच करायला लावलं होतं. अर्ज नाकारला गेला. नाकारण्याच्या पत्रात आर्थिक स्थितीचा मुद्दा होता, आणि सल्लागार म्हणाला, "नशीब." नशीब कसलं? बॅलन्स सर्टिफिकेट म्हणजे एका दिवसाचा फोटो. स्टेटमेंट म्हणजे चार महिन्यांची चाल. फोटोत कुणीही नवं कापड घालून उभं राहतं. आणि खोटा कागद पकडला गेला तर नुसता नकार येऊन भागत नाही. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती देणाऱ्याला पाच वर्षं प्रवेशबंदी आहे.

म्हणून काकांना मी घरी पाठवलं ते बाजार समितीच्या आणि व्यापाऱ्याच्या पट्ट्या शोधायला. माल कुणाला दिला, वजन किती, भाव काय, रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली, हे सांगणारा तो मळकट कागद. स्टेटमेंटवरच्या त्या मोठ्या रकमेच्या तारखेशी पट्टीवरची तारीख जुळली की डोंगर कुठून आला हे कळतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून बरेच जण रिटर्नच भरत नाहीत, आणि मग उत्पन्नाचा दुसरा पुरावाच उरत नाही. रिटर्न भरलेलं असेल आणि त्यात शेतीचं उत्पन्न सूट म्हणून दाखवलेलं असेल तर ते फार कामाला येतं. सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेटही लोक आणतात. त्यावर यूडीआयएन नावाचा १८ अंक-अक्षरांचा क्रमांक असतो, तो तपासून घ्यावा. पण तेही शेवटी ऐपतीच्याच कुळातलं, फक्त महसूल अधिकाऱ्याऐवजी सीएची सही.

सोन्याचं तसंच. सराफ बाजारातून मूल्यांकन करून आणलेला कागद ऐपत सांगतो. त्याच सोन्यावर कर्ज काढून ती रक्कम खात्यात आली आणि कर्जाचा कागद जोडला, तर पैसा कुठून आला तेवढं तरी स्वच्छ दिसतं, पण तो कर्जाचाच पैसा, हे विसरू नये. मुदत ठेव मोडता येते, म्हणून मी ती पैशाच्या बाजूला धरते, अर्थात तिच्यावर कर्ज उचललेलं नसेल तर. जीआयसी मात्र ठेव असूनही आपल्या एफडीसारखी नाही. पैसे आधी कॅनडाच्या बँकेत भरायचे, तिथे पोचल्यावर थोडी रक्कम एकदम आणि बाकीची दहा-बारा महिन्यांत हप्त्याने विद्यार्थ्याला मिळते. स्टडी परमिटचा निकाल लवकर देणाऱ्या जुन्या एसडीएस योजनेत ती सक्तीची होती. ती योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, तेव्हापासून जीआयसी ऐच्छिक आहे. तरी ज्याला जमेल त्याने करावी असं माझं मत, कारण पैसा खरोखर बाहेर पडला आणि तिथे जाऊन बसला, यापुढे वेगळं काय सांगायचं?

मग ऐपतीचा दाखला अजिबात लावूच नये का? लावावा. फक्त त्याला त्याचं खरं काम द्यावं. त्याच नियमावलीत कलम २१६ आहे: मुदत संपल्यावर अर्जदार कॅनडा सोडेल याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. मागे काय आहे, परतायला कारण काय, हा प्रश्न तिथे येतो. सातबारा, बाग, घर, आईवडील, इथला धंदा हे सगळं त्या प्रश्नाच्या उत्तरात बसतं. जमीन बापाच्या नावावर आहे, बावीस वर्षांच्या मुलीचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्यामुळे वजन किती पडेल ते अधिकारी ठरवेल. पण निदान ते चुकीच्या प्रश्नाचं उत्तर राहत नाही.

काका महिनाभराने पुन्हा आले. बायकोच्या माहेरच्या माणसांचा मखमलाबादला प्लॉट होता, तो तारण ठेवून बँकेने कर्ज मंजूर केलं होतं, मंजुरीपत्रात रक्कम आणि कोर्सचं नाव दोन्ही स्पष्ट. पहिल्या सत्राची फी भरल्याची पावती, चार महिन्यांचं स्टेटमेंट, त्याला टाचणीने लावलेल्या तीन पट्ट्या, आणि मुलीचा खर्च मी करणार असं त्यांच्या सहीचं पत्र. एका पट्टीवर औषधाचा निळा डाग होता, तो स्कॅनमध्येही उठून दिसत होता. त्यांनी विचारलं, पुसून टाकू का? म्हटलं, राहू द्या.

सगळ्यात खाली ऐपतीचा दाखला होता. "ताई, याच्यापायी तहसीलला तीन चकरा मारल्या हो," ते म्हणाले. "वाया गेल्या का?"

मी तो उचलला, सातबाऱ्याच्या भाषांतरामागे लावला आणि पानांना क्रमांक घालायला घेतले.