हेजिंग : इंग्रजीत हातचं राखून बोलणं

हेजिंग म्हणजे आपण जे बोलतोय त्याची पूर्ण जबाबदारी अंगावर न घेता, थोडं हातचं राखून बोलणं. इंग्रजी बोलणारी माणसं हे दिवसभर करत असतात, ‘आय थिंक’, ‘मेबी’, ‘सॉर्ट ऑफ’, ‘इट सीम्स’, ‘प्रॉबेबली’ असे शब्द बोलण्यात पेरत जातात आणि कुणाला काम सांगायचं असेल तर ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘आय वॉज वंडरिंग इफ’ अशी सुरुवात करतात. यातली खरी गोम अशी की ‘मला नक्की माहीत नाही’ हे सांगायला आणि ‘मला तुम्हाला दुखवायचं नाहीये’ हे सांगायला इंग्रजीत बऱ्याचदा तेच शब्द वापरतात. ‘आय थिंक दॅट्स राँग’ असं कोणी म्हटलं की त्याला खरंच शंका आहे, की खात्री आहे पण सभ्यपणे सांगतोय, हे ऐकणाऱ्यालाच ताडावं लागतं. बहुतेक वेळा ताडता येतंही. पण नाही ताडता आलं तर माणसं जिवाला मुकल्याची नोंद आहे, त्यामुळे हा विषय फक्त मॅनर्सचा नाही.

हे चालतं कसं ते बघायचं तर दहावी-बारावीच्या ग्रामरमधली मोडल ऑक्झिलिअरी आठवायची. ‘कॅन’चं ‘कुड’, ‘विल’चं ‘वुड’, ‘मे’चं ‘माइट’. शाळेत हे भूतकाळाचं रूप म्हणून येतं, पण बोलताना इंग्रज माणूस ते बऱ्याचदा भूतकाळासाठी नाही, तर लांब उभं राहून बोलायला वापरतो. ‘कॅन यू हेल्प मी’ म्हणजे समोर येऊन विचारणं आणि ‘कुड यू हेल्प मी’ म्हणजे दोन पावलं मागे सरून विचारणं. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ मध्ये तर सगळंच मागे ढकललेलं असतं, क्रियापद भूतकाळात, विनंती स्वतःच्या मनातल्या विचारात गुंडाळलेली, आणि वर ‘इफ’, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला दार उघडं ठेवलेलं. आणि हेच ‘माइट’ आणि ‘कुड’ ‘इट माइट रेन’ मध्ये निव्वळ शक्यता सांगतात, तिथे पाऊस पडेल की नाही हे बोलणाऱ्याला खरंच माहीत नसतं.

मराठीत या दोन गोष्टींची बरीचशी कामं वेगवेगळ्या जागी होतात. आदर दाखवायचा तर तो तू-तुम्ही-आपण मध्ये आणि क्रियापदाच्या रूपात जातो, शंका दाखवायची तर ‘तो आला असेल’, ‘आला असावा’, ‘आला असणार’ अशा पायऱ्या आहेत आणि त्यातली कुठली किती पक्की हे कोणाला शिकवावं लागत नाही. ‘आपण बसा, साहेब आले असणार’ यात आदर वेगळा आणि खात्री वेगळी, दोन्ही स्वच्छ दिसतात. (आपणही ‘जमेल का जरा?’ असं शंकेचं रूप घेऊन विनंती करतोच, सरमिसळ आपल्याकडे अजिबात नाही असं नाही.) इंग्रजीत एकेकाळी ‘दाउ’ आणि ‘यू’ असा फरक होता, साधारण सतराव्या शतकात प्रमाण भाषेतून ‘दाउ’ मागे पडला, यॉर्कशरसारख्या भागांतल्या बोलींत आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत तो बराच काळ टिकला, बाकी सगळ्यांना राजापासून पोरापर्यंत ‘यू’. आता सर्वनामात मान देता येत नाही म्हटल्यावर तो भार वाक्याच्या बाकीच्या भागांवर येतो.

‘हेज’ हा शब्द भाषाशास्त्रात रुजवला तो अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी, 1972 च्या लेखात. त्यांना तेव्हा नम्रतेशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांचा प्रश्न होता की चिमणी हा पक्षी आहे आणि पेंग्विनही पक्षी आहे, पण पेंग्विनला लोक ‘सॉर्ट ऑफ’ पक्षी म्हणतात, तर हे ‘सॉर्ट ऑफ’ नेमकं करतं काय. लोत्फी झादे यांनी 1965 मध्ये मांडलेल्या फझी सेट्सची कल्पना त्यांनी तिथे लावली, म्हणजे खरं किंवा खोटं एवढंच नसतं, खरेपणाचं प्रमाण असतं. नंतर शब्दाचा अर्थ पसरत गेला. 1978 मध्ये पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी नम्रतेवर मोठं काम छापलं (पुस्तक म्हणून 1987 मध्ये आलं), त्यात समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांच्याकडून घेतलेली ‘फेस’ची कल्पना आहे, आपण चारचौघांत लाज राखणं म्हणतो त्याच्या जवळची. प्रत्येकाला दोन गोष्टी हव्या असतात, लोकांनी आपल्याला आपलं मानावं आणि लोकांनी आपल्याला उगाच अडवू नये, कामाला जुंपू नये. विनंती करणं म्हणजे या दोनांतल्या दुसऱ्या इच्छेवर घाला, म्हणून तो बोथट करायला हेजिंग.

या दोघांनी इंग्रजीबरोबर तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल भाषाही घेतली होती आणि हे सगळ्या जगाला लागू आहे असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर आक्षेप आले आणि मला ते पटतात. अ‍ॅना व्हिएझबिका या मूळच्या पोलिश, ऑस्ट्रेलियात शिकवणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी 1985 मध्ये दाखवलं की पोलिशमध्ये सरळ आज्ञार्थात सांगणं उद्धट नसतं, आणि प्रत्येक विनंतीला प्रश्नाचं रूप देणं ही इंग्रजी संस्कृतीची सवय आहे, माणूसजातीचा नियम नाही. मराठी घरात वाढलेल्याला हे लगेच कळतं. ‘काकू, जरा पाणी द्या हो’ हा शुद्ध आज्ञार्थ आहे, त्यात काही उद्धट नाही, नातं आणि ‘हो’ मिळून सगळं सांभाळून घेतात. तेच कोणी घरात ‘काकू, मला पाणी देणं तुम्हाला शक्य होईल का, असा विचार करत होतो’ म्हणालं तर काकू काळजीत पडतील.

इंग्रजी बोलणाऱ्यांतही सगळे सारखे नाहीत. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ‘ठीक आहे, बरं आहे’ इतपतच म्हणत असतो, अमेरिकन माणूस त्याच शब्दांत चांगली शाबासकी देत असतो. ‘नॉट बॅड’ हे ब्रिटिश तोंडातून भरपूर कौतुक असू शकतं. कोर्टात ‘विथ रिस्पेक्ट’ने सुरू होणारं वाक्य आदराचं कमी आणि विरोधाचं जास्त असतं, ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ असेल तर विरोध आणखी जोरात, आणि ही पद्धत मुंबई हायकोर्टात बसून ऐकायला मिळते कारण आपल्या कोर्टांची इंग्रजी त्याच परंपरेतली.

ब्रिटिश-अमेरिकन फरकाचा नेहमी सांगितला जाणारा प्रसंग कोरियन युद्धातला, एप्रिल 1951, इमजिन नदीची लढाई. ग्लॉस्टर रेजिमेंटची बटालियन टेकडीवर चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडलेली, संख्येचा काही मेळच नाही. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकन जनरलला परिस्थिती सांगितली ती ‘अ बिट स्टिकी’ अशी. ब्रिटिश लष्करात याचा अर्थ फार वाईट अडकलोय असा होतो, अमेरिकन जनरलला वाटलं अवघड आहे पण निभावतंय, आणि माघारीचा हुकूम आला नाही. त्या बटालियनमधले थोडेच जण निसटून आले, बाकी मारले गेले किंवा पकडले गेले. लढाईचा निकाल एका ‘अ बिट’वर ठरला असं म्हणणं ओढूनताणून होईल, पण कमी करून सांगायची सवय तशी सवय नसलेल्या माणसापुढे कशी फसते ते यात दिसतं.

बायकांच्या बोलण्यात हेजिंग जास्त असतं का, यावर खूप वाद झालाय. भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी 1970 च्या दशकात तसं मांडलं, ‘इझन्ट इट?’सारखे शेपटीचे प्रश्न, ‘काइंड ऑफ’ वगैरे, आणि त्यामुळे बायकांचं म्हणणं कमी जोराचं ठरतं असं. विल्यम ओबार आणि बोमन अ‍ॅटकिन्स यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या कोर्टातल्या साक्षी तपासून 1980 मध्ये सांगितलं की हे बाई-पुरुषापेक्षा अधिकाराशी जोडलेलं आहे, हाताखालच्या पुरुषाच्या तोंडीही हेच येतं आणि तज्ज्ञ म्हणून आलेल्या बाईच्या तोंडी कमी येतं. न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी पुढे दाखवलं की शेपटीचा प्रश्न हा नेहमी खात्री नसल्याचा पुरावा नसतो, समोरच्याला बोलतं करायलाही तो वापरतात. मूळ अडचण तीच, एकाच रूपाचे दोन अर्थ.

शास्त्रीय लेखनात मात्र हेजिंग हा प्रामाणिकपणा समजतात. 25 एप्रिल 1953 च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना छापली, तिची सुरुवात ‘आम्ही एक रचना सुचवू इच्छितो’ अशी आहे, आणि शेवटाकडे ते म्हणतात की या जोड्यांवरून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल याची एक शक्यता सुचते, ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटलेली नाही. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या शोधांपैकी एक, आणि भाषा ‘सुचते’, ‘शक्यता’, ‘सुटलेली नाही’. त्यात नम्रता आहे, पुरावा अजून पुरा नाही याची कबुली आहे, आणि ही कल्पना आधी आम्हाला सुचली हा दावाही आहे, तिन्ही एकाच वाक्यात.

पण शास्त्रज्ञांचं ‘लाइकली’ सरकारांपर्यंत पोचतं तेव्हा त्याचा अर्थ पक्का लागतो. हवामान बदलावरच्या आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने म्हणून शब्दांना आकडे बांधून दिले, ‘लाइकली’ म्हणजे 66 टक्के किंवा जास्त, ‘व्हेरी लाइकली’ 90 च्या वर, ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ 95 च्या वर, ‘व्हर्च्युअली सर्टन’ 99 च्या वर. त्यांचे रिपोर्ट ओळीने लावले की पुरावा कसा साठत गेला ते नुसत्या हेजवरून वाचता येतं. 1995 मध्ये माणसाच्या प्रभावाबद्दल ‘एकूण पुरावा तसं सुचवतो’ एवढंच. 2001 मध्ये ‘लाइकली’, 2007 मध्ये ‘व्हेरी लाइकली’, 2013 मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’, आणि 2021 मध्ये हेज काढूनच टाकला, माणसाने वातावरण, समुद्र आणि जमीन तापवली हे निःसंशय आहे असं लिहिलं. जी भाषा एवढी जपून वापरली जाते तिच्यात ‘निःसंशय’ला वजन येतं, रोज छातीठोक बोलणाऱ्याच्या शब्दाला ते येत नाही.

आकडे बांधायची ही कल्पना आधी हेरखात्यात आली होती. शर्मन केंट हे येलमधले इतिहासाचे प्राध्यापक, नंतर सीआयएमध्ये. 1951 मध्ये त्यांच्या ऑफिसने अंदाज दिला की युगोस्लाव्हियावर हल्ला ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे. परराष्ट्र खात्यातल्या एकाने सहज विचारलं, म्हणजे किती? केंट म्हणाले, 65 विरुद्ध 35, हल्ला होण्याच्या बाजूने. विचारणारा चमकला, कारण त्याला खूप कमी वाटलं होतं. मग केंटनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, ज्यांनी मिळून तो मजकूर मंजूर केला होता, तर कोणी 80-20 म्हणालं आणि कोणी बरोबर उलटं 20-80. सगळ्यांनी एका वाक्याखाली सही केली आणि प्रत्येकाच्या मनात वेगळं. केंटनी 1964 मध्ये यावर निबंध लिहून ‘प्रॉबेबल’ म्हणजे 75 टक्क्यांच्या आसपास, ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे 93 च्या आसपास असा तक्ता सुचवला. 1961 च्या बे ऑफ पिग्ज या क्युबावरच्या फसलेल्या चढाईच्या वेळीही लष्करप्रमुखांच्या अहवालात ‘फेअर चान्स’ असे शब्द होते, लिहिणाऱ्याच्या डोक्यात तो तीसेक टक्के होता, आणि केनेडींच्या टेबलावर पोचला तो बरा चान्स म्हणून.

विमानाच्या कॉकपिटमध्ये तक्ता काढायला वेळ नसतो. 13 जानेवारी 1982, वॉशिंग्टन, बर्फ पडतंय, एअर फ्लोरिडाचं बोइंग 737 धावपट्टीवर वेग घेतंय. इंजिनाच्या बर्फविरोधी यंत्रणेचा स्विच बंद राहिल्यामुळे जोर दाखवणारा काटा खोटं जास्त दाखवत होता, इंजिनं खरं तर कमी ताकदीने चालली होती. को-पायलटला बाकीचे काटे बघून हे खटकलं. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये तो आधी म्हणतो, हे बरोबर वाटत नाही, हो ना? मग, हे बरोबर नाहीये. कॅप्टन म्हणतो, बरोबर आहे, ऐंशी (वेग, नॉटमध्ये) झालेत. को-पायलट, नाही, मला नाही वाटत बरोबर आहे. आणि लगेच, असेलही कदाचित. टेक-ऑफ थांबवला नाही. विमान उडालं आणि पुलाला धडकून पोटोमॅक नदीत पडलं, पुलावरच्या चौघांसह 78 माणसं गेली.

त्या काही सेकंदांचं बोलणं नीट बघण्यासारखं आहे. तो शेपटीच्या प्रश्नाने सुरू करतो, हेज काढून टाकतो, विरोध झाल्यावर ‘मला वाटतं’ परत आणतो आणि शेवटी स्वतःचंच म्हणणं मागे घेतो. त्याने बघितलं होतं ते बरोबर होतं. त्यातली किती खरी शंका होती आणि किती वरिष्ठाचा मान, हे शब्दांवरून सांगता येत नाही, आणि कॅप्टनलाही ते त्या क्षणी सांगता आलं नसणार. भाषाशास्त्रज्ञ शार्लट लिंड यांनी अशा रेकॉर्डिंगांचा अभ्यास करून सौम्य करून बोललेल्या सूचना कशा विरून जातात ते मांडलं. त्याआधी 1978 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाच्या अपघातात इंधन संपत आल्याची कल्पना कर्मचाऱ्यांनी दिली होती, पण जोर लावून नाही. त्यानंतर 1979 मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि 1981 मध्ये युनायटेडने प्रशिक्षण सुरू केलं, ज्याला आज क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. त्यात ज्युनिअरला शिकवतात की हाक मार, काय खटकतंय ते सांग, उपाय सांग, आणि उत्तर घे. हॉस्पिटलांच्या ऑपरेशन थिएटरमध्येही हे गेलं, ‘मला काळजी वाटतेय’, मग ‘मला हे ठीक वाटत नाही’, मग ‘हा सुरक्षेचा प्रश्न आहे’ अशा ठरलेल्या पायऱ्यांनी नर्सने सर्जनला थांबवायचं.

आपल्याकडून पुण्या-मुंबईतून ब्रिटिश किंवा अमेरिकन क्लायंटबरोबर काम करणाऱ्यांना रोजच्या मेलमध्ये हाच पेच पडतो. ‘यू माइट वॉन्ट टू लुक अ‍ॅट धिस’ असं साहेबाने लिहिलं तर तो सल्ला नसतो, काम असतं, आणि ते आजच करायचं असतं. उलट आपण ‘प्लीज सेंड द फाइल’ लिहितो तेव्हा आपल्या मते ‘प्लीज’ने आदर पुरा झाला, पण वाचणाऱ्याला तो आज्ञार्थ टोचू शकतो. ओळखायची एक बऱ्यापैकी भरवशाची खूण म्हणजे वाक्य कशाबद्दल आहे ते बघायचं. जगाबद्दल असेल, पाऊस, सर्व्हर, मार्केट, तर हेज बहुधा खऱ्या शंकेचा. ऐकणाऱ्याच्या कामाबद्दल किंवा चुकीबद्दल असेल तर बहुधा नम्रतेचा, म्हणजे ‘आय थिंक देअर माइट बी अ स्मॉल इश्यू विथ युअर नंबर्स’ आलं तर आकडे चुकलेत असं समजून लगेच शीट उघडायची. आणि दोन्ही असू शकतं असं वाटलं तर सरळ विचारायचं, किती खात्री आहे तुम्हाला? केंटना विचारलेला प्रश्न हाच होता, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना तो उद्धट वाटत नाही.