दोन बाइटांतून तापमान: हेक्स नोंदींची पार्श्वभूमी

डॅलस सेमिकंडक्टरच्या डीएस१८बी२० या तापमान-सेन्सरकडून हेक्स पद्धतीत लिहिलेले ९१ आणि ०१ असे दोन बाइट आले, तर खोलीचे तापमान २५.०६२५ अंश सेल्सिअस आहे असे समजावे. मात्र त्या दोन बाइटांवरून या आकड्यापर्यंत पोहोचताना आपण जे संकेत गृहीत धरतो, ते सेन्सर वाचणाऱ्या छोट्या संगणक-चिपपेक्षाही, म्हणजे मायक्रोकंट्रोलरपेक्षाही, जुने आहेत.

सेन्सर पाठवतो ते बिट, म्हणजे ० किंवा १. हेक्साडेसिमल (हेक्स), म्हणजे सोळा चिन्हांची पद्धत, ही ते बिट माणसाने लिहून ठेवण्याची रीत होय. आरंभीच्या अनेक संगणकांचे शब्द १२, १८ किंवा ३६ बिटांचे असल्यामुळे तीन-तीन बिटांचे गट पाडणारी अष्टमान पद्धत तेथे सोयीची ठरे. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० मध्ये बाइट ८ बिटांचा होता, आणि चार बिटांना एक चिन्ह या हिशेबाने तो दोन चिन्हांत नेमका मावत असे. दहा ते पंधरा या किमतींसाठी ए ते एफ ही अक्षरे तेव्हापासून सर्वत्र रुळली. त्याआधीच्या बेंडिक्स जी-१५ वर त्यांच्या जागी यू ते झेड लिहीत.

बाइटांचा क्रम मात्र आजही एकसारखा नाही. हा सेन्सर कमी किमतीचा बाइट आधी पाठवतो, तर १९७९ साली मॉडिकॉनने आणलेल्या मॉडबस या यंत्रांमधील संदेशवहनाच्या पद्धतीत जास्त किमतीचा बाइट आधी येतो. म्हणून वरील बाइट ०१९१ असे जोडावे लागतात. त्याचे दशमान ४०१; सेन्सरचा एक एकक अंशाचा सोळावा भाग असल्याने १६ ने भागल्यावर तापमान.

खरी अडचण शून्याखाली येते. ऋण संख्या टूज कॉम्प्लिमेंटने (१६ बिटांत उणे १६२ साठी ६५५३६ वजा १६२ लिहून) दाखवण्याची कल्पना जॉन फॉन नॉयमन यांच्या एडव्हॅक या संगणकावरील १९४५ च्या अहवालात आढळते, आणि त्यानुसार एफएफ५ई म्हणजे उणे १०.१२५ अंश. आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ८ बिटांच्या एव्हीआर चिपवर ‘इंट’ हा पूर्णांकांचा प्रकार १६ बिटांचा असल्याने हे उत्तर आपोआप मिळते. तोच कोड ३२ बिटांच्या चिपवर नेला, की ६५३७४ ही धन संख्या तयार होऊन तापमान ४०८५.८७५ अंश दिसते. यासाठी चलाचा प्रकार १६ बिटांचा चिन्हयुक्त असल्याचे स्पष्ट लिहिणे मला अत्यावश्यक वाटते.

गणित अचूक असूनही एक नोंद फसवते: ०५५०, म्हणजे ८५ अंश. वीज मिळताच सेन्सरच्या स्मृतीत हीच किंमत असते, आणि १२ बिटांच्या मोजणीला लागणारे ७५० मिलिसेकंद न थांबता वाचन केले, तर तीच हाती येते.