पुंगळीतली रिकामी जागा

रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरण्यातला एक मोठा धोका पुंगळीतल्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळीतल्या, रिकाम्या जागेत दडलेला असतो. कोल्ट कंपनीचं १८७३ चं सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर ज्या .४५ काडतुसावर चालायचं, त्यात मुळात ४० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) काळी दारू भरलेली असे. पुंगळी गच्च भरायची आणि वर गोळी दाबायची. दुप्पट दारू घालायची म्हटली तरी ती मावणारच नाही.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी धूरहीन दारू तयार केली आणि हे गणित उलटलं. नवी दारू थोडक्यात जास्त काम करायची, पण रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या काळ्या दारूच्या मापाच्याच राहिल्या. शतक संपता संपता आलेल्या .३८ स्पेशलमध्ये काळी दारू सुमारे २१ ग्रेन मावायची. बुल्सआयसारख्या जलद जळणाऱ्या धूरहीन दारूचं वजन सहसा त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. म्हणजे चुकून दोनदा दारू पडली तरी गोळी वर नीट बसते आणि काडतूस बाहेरून अगदी निर्दोष दिसतं. घरी काडतुसं भरण्यातला मोठा धोका हा आहे, आणि तो बेफिकीर माणसापुरता मुळीच नाही.

जाणूनबुजून जास्त भरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बंदुकांवर लिहिणारे अमेरिकी लेखक एल्मर कीथ यांनी जड भरणाच्या नादात .४५ चं रिव्हॉल्व्हर फोडून घेतलं आणि पुढे .४४ स्पेशलकडे मोर्चा वळवला. कारण साधं: सिलिंडर (काडतुसांची घरं असलेला फिरता दंडगोल) तेवढाच, भोक लहान, त्यामुळे भिंतीत पोलाद जास्त. भिंत फुटते तेव्हा बहुधा शेजारची घरंही उघडी पडतात आणि सिलिंडरच्या वरची चौकटीची पट्टी वाकते किंवा तुटते.

१९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं. त्याची पुंगळी मुद्दाम इंचाच्या सुमारे आठव्या हिश्शाने लांब ठेवली, जुन्या .३८ मध्ये ती शिरू नये म्हणून. आजच्या अमेरिकी मानकांत .३८ स्पेशलची दाबमर्यादा चौरस इंचाला १७,००० पाउंड, तर .३५७ ची ३५,०००. .३८ च्या पुंगळीत मॅग्नमची दारू भरणारा हा अडसर स्वतःच काढून टाकतो.

पुढे दांड्याच्या एका ओढीत अनेक कामं करणारी काडतुसांची भरणयंत्रं आली. वेग वाढला, पण दांडा अर्ध्यावर अडला आणि तोच पुन्हा ओढला, तर काही यंत्रांत त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडते. म्हणून जाणकार तिथे थांबून ती पुंगळी सरळ रिकामी करतात, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून बघतात.