कलम १८५ च्या आधीचा आणि बाहेरचा रस्ता

शनिवारी रात्री मुंबईत नाकाबंदी लागली की ब्रेथ अॅनालायझर मोटारचालकाच्या आणि दुचाकीस्वाराच्या तोंडासमोर धरला जातो. त्याच बॅरिकेडच्या कडेने सायकलवाला, हातगाडीवाला किंवा वरातीची घोडी परत नेणारा माणूस न फुंकता पुढे जातो. यात पोलिसांची हयगय नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८५ केवळ ‘मोटार वाहना’ला लागू आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा, तसेच २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे सारे त्या एका शब्दाला बांधलेले आहे.

मोटार येण्याआधी कायदा वाहनापेक्षा माणसाकडे पाहत असे. इंग्लंडच्या १८७२ च्या लायसन्सिंग अॅक्टमधील कलम १२ नुसार सार्वजनिक रस्त्यावर गाडी, घोडा, गुरे किंवा वाफेचे इंजिन ताब्यात असताना झिंगलेला माणूस सापडणे हाच गुन्हा ठरला आणि तो आजही तसाच आहे. पुढे ‘कॉर्करी विरुद्ध कार्पेंटर’ या खटल्यात, दारू पिऊन सायकल नुसती हाताने ढकलत नेणाराही या कलमात बसतो, असे तेथील न्यायालयाने ठरवले.

आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ मध्ये ‘वाहन हाकणे’ आणि ‘स्वारी करणे’ हे दोन्ही शब्द आले. मुंबईच्या रस्त्यांवरची तेव्हाची वाहतूक जनावरांवरच होती. १८७४ साली सुरू झालेल्या ट्रामगाड्यासुद्धा १९०७ साली विजेवरची ट्राम येण्याआधी घोडेच ओढत होते. मात्र या कलमाला (आता भारतीय न्याय संहितेचे कलम २८१) नशा पुरेशी नाही, जिवाला धोका होईल असा बेदरकारपणा सिद्ध करावा लागतो. १९३९ च्या मोटार कायद्याने नशेसाठी स्वतंत्र कलम आणले, ते मोटारीपुरते. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचे कलम ८५ सार्वजनिक ठिकाणी झिंगून गैरवर्तन करणाऱ्याला लागू होते, पण त्याच्या हातात लगाम आहे की हँडल, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

२०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया या घोडागाड्या बेकायदा ठरवल्याने हा प्रश्न कोचवानापुरता मावळला. वरातीच्या घोडीपुरता तो उरलाच. माझ्या मते यातली सर्वांत दुर्लक्षित बाजू जनावराची आहे, कारण हात सैल झालेल्या माणसाने लगाम अवेळी ओढला की तोंडातली लोखंडी कडी थेट जिभेवर आणि हिरड्यांवर दाबते आणि बिथरलेला घोडा पादचाऱ्यांच्या अंगावर जातो. जनावराच्या त्या वेदनेसाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ चा आधार आहे; त्यातील पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे.