अंटार्क्टिकाच्या मोहिमेत जायचंय? मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

कळंब तालुक्यातला एक मुलगा गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला होता. आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा ट्रेड झालेला, साखर कारखान्यात जनरेटरवर चार गळीत हंगाम काढलेले. त्याने मोबाइलवर आलेली एक जाहिरात पुढे केली आणि विचारलं, "सर, हे खरं आहे का? अंटार्क्टिकाला मेकॅनिक लागतो?"

खरं होतं. लागतोच. जनरेटर बंद पडला तर तिथे संशोधन थांबतं एवढंच नाही, माणसांचं जगणं अवघड होतं. तरी आपल्याकडे ध्रुवीय संशोधन म्हटलं की पोरांना वाटतं, हे दिल्ली-पुण्याच्या हुशार लोकांचं काम. म्हणून ही माहिती सविस्तर लिहितो आहे.

आधी हे काम कोण करतं ते समजून घ्या. भारताची पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासीम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकावर उतरली. २१ जण होते. पुढे तिथे 'दक्षिण गंगोत्री' हे संशोधन ठाणं उभं राहिलं, ते बर्फात गाडलं गेलं. त्यानंतर १९८९ मध्ये 'मैत्री' आणि २०१२ मध्ये 'भारती' ही ठाणी झाली. या दोन ठाण्यांमधलं अंतर सुमारे तीन हजार किलोमीटर आहे. उत्तर ध्रुवाच्या बाजूला नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये २००८ पासून 'हिमाद्री' आहे आणि हिमाचलात स्पितीमध्ये २०१६ पासून 'हिमांश'. या सगळ्याचा कारभार गोव्यात वास्को-द-गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. हे केंद्र पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. सगळे एनसीपीओआर म्हणतात, मीही पुढे तसंच लिहितो.

आपल्या शेताचा याच्याशी काय संबंध, असं गावाकडे विचारतात. आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या कारा समुद्रावरचं उन्हाळी बर्फ घटणं आणि मध्य भारतात सप्टेंबरात पडणारा अतिमुसळधार पाऊस यांच्यातला दुवा याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी दाखवला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सोयाबीन काढणीच्या तोंडावर धाराशिव, बीड, नांदेडकडे शिवारात काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. एखाद्या पुराचा दोष थेट एका समुद्राला देता येत नाही. पण आपला परतीचा पाऊस समजून घ्यायचा तर तिकडचं बर्फ मोजणारी माणसं हवीत, आणि त्यात आपली पोरं असावीत असं मला मनापासून वाटतं.

आयटीआय, डिप्लोमा आणि नर्सिंगवाल्यांसाठी

मोहीम साधारण नोव्हेंबरच्या सुमारास निघते. तिकडे तेव्हा उन्हाळा असतो. उन्हाळी गट मार्च-एप्रिलपर्यंत परततो. हिवाळी गट मात्र वर्षभर आणि वर काही महिने तिथेच राहतो. ही ठाणी चालू ठेवायला एनसीपीओआर कंत्राटी पद्धतीने माणसं घेतं: वाहन मेकॅनिक, जनरेटर मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, बॉयलरवरचा माणूस, क्रेन आणि उत्खनन यंत्र चालवणारा, सुतार, स्वयंपाकी, नर्स, डॉक्टर, संदेशवहन सांभाळणारा. कोणत्या वर्षी कोणती पदं आणि किती जागा, हे त्या वर्षीच्या जाहिरातीवरच ठरतं. वयाची अट आणि मानधनही तिथेच छापलेलं असतं. गेल्या वर्षीचे आकडे कुणी सांगितले म्हणून त्यावर अवलंबून राहू नका.

आता ही यादी पुन्हा वाचा आणि आपल्या जिल्ह्यांकडे बघा. जालन्याच्या स्टील कारखान्यांत वेल्डर आहेत. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात साखर कारखाना आहे, तिथे बॉयलरवर उभी राहिलेली माणसं आहेत. जेसीबी आणि पोकलेन चालवणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. तिकडे बर्फावर 'पिस्टन बुली' नावाची पट्ट्यावर चालणारी गाडी असते. पोकलेनच्या साखळीवर हात बसलेल्या माणसाला ती अगदी परकी वाटायची नाही.

अडतं कुठे? अनुभवाच्या दाखल्यावर. आपली पोरं उस्तादच्या हाताखाली सहा वर्षं काढतात आणि हातात कागद एकही नसतो. कळंबच्या त्या मुलाचं तेच झालं. कारखान्याने दिलेल्या पत्रावर "काम केले आहे, वर्तणूक चांगली" एवढी एकच ओळ. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या क्षमतेच्या यंत्रावर, कोणतं काम, काहीच नाही. निवड समितीने त्यावरून काय ओळखायचं? आम्ही ते पत्र पुन्हा लिहून घेतलं. लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदाचं नाव, जनरेटर किती केव्हीएचा, ओव्हरहॉलिंग स्वतः केलं की मदतनीस म्हणून, हे सगळं आलं. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि शिक्का. गॅरेज छोटं असेल तर निदान दुकान परवान्याचा किंवा उद्यम नोंदणीचा क्रमांक पत्रावर असू द्या. पगार बँकेत जमा होत असेल तर पासबुकाच्या नोंदी जोडा, भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर त्याचा उतारा काढा. हे काम जाहिरात यायच्या आधीच करून ठेवा.

बऱ्याचदा थेट मुलाखत गोव्यातच असते आणि ट्रेडची प्रत्यक्ष चाचणीही घेतात. मूळ कागदपत्रं सोबत न्यावीच लागतात. नांदेड-लातूरहून गोवा म्हणजे एक रात्र प्रवासात जाते. आदल्या दिवशी पोहोचा, झोप काढा.

विज्ञान शिकणाऱ्यांसाठी

इथे वाट वेगळी आहे. एकट्या माणसाने "मला पेंग्विनवर संशोधन करायचंय" असा अर्ज करून मोहिमेत जाता येत नाही. एनसीपीओआर विद्यापीठांकडून आणि राष्ट्रीय संस्थांकडून संशोधन प्रस्ताव मागवतं. प्रस्ताव संस्थेमार्फत, नियमित प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञाच्या नावाने जातो. तज्ज्ञ समिती तो तपासते, आणि मंजूर प्रकल्पातल्या विद्यार्थ्याला सदस्य म्हणून जाता येतं. आपल्याकडे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. गोठलेल्या मातीतले सूक्ष्मजीव, शेवाळ, दगडफूल, तळ्यांतला गाळ, हे सगळे विषय या विभागांना परके नाहीत. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतलं तर हा दरवाजा उघडू शकतो, म्हणून ही ओळ त्यांच्यासाठीही आहे.

विद्यार्थ्याने स्वतः काय करावं? एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प एनसीपीओआरमध्ये करता येतो का ते विचारा. विभागप्रमुखांचं पत्र, गुणपत्रिका आणि एक पानाची स्वतःची माहिती घेऊन, ज्या शास्त्रज्ञाचं काम तुम्ही खरोखर वाचलं आहे त्यालाच ईमेल करा. एकाच मजकुराचे चाळीस ईमेल पाठवले की ते लगेच ओळखू येतं.

पीएचडीसाठी नेट किंवा गेट ही परीक्षा उत्तीर्ण हवी. सीएसआयआर नेटमध्ये पृथ्वी, वायुमंडल, महासागर आणि ग्रह विज्ञान असा स्वतंत्र विषय आहे, आपल्याकडे तो फारसा कुणी निवडत नाही. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आहे, त्यानंतर ४२,०००. घरभाडं वेगळं. घरी पटवून देताना हे आकडे उपयोगी पडतात.

तिसरी वाटही आहे. हवामान खातं, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, नवी मुंबईतली भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आपापली माणसं मोहिमेवर पाठवतात. पक्षी आणि सील यांच्या गणनेत रस असेल तर वन्यजीव संस्थेकडे बघा. भारती ठाण्याच्या आसपास ॲडेली पेंग्विन, हिमपाखरू म्हणावं असा पांढरा पेट्रेल, स्कुआ आणि वेडेल सील यांच्यावर काम झालं आहे.

मुलींना घरून पहिला प्रश्न येतो, "बाई माणूस कशी राहील तिथे?" नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता १९८३-८४ च्या मोहिमेत गेल्या होत्या. इस्रोच्या मंगला मणी यांनी वयाच्या पन्नाशीनंतर भारती ठाण्यावर ४०३ दिवस काढले.

कागदपत्रं

सगळ्यात जास्त अर्ज नावात फसतात. दहावीच्या सनदेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर 'बाळासाहेब', सनदेवर 'बालाजी', बँकेत नुसतं 'बी. आर.'. पासपोर्टवर मात्र 'गिव्हन नेम' आणि आडनाव असे दोनच रकाने. एकूणएक कागद दहावीच्या सनदेशी जुळवून घ्या. सनदेतच चूक असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज जातो, त्याला वेळ लागतो. नाव बदललं असेल, लग्नानंतरही, तर राजपत्राची प्रत काढून ठेवा. जिल्ह्याचं नाव जुन्या दाखल्यावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असलं म्हणून दाखला बाद होत नाही. फक्त एकाच अर्जात एका रकान्यात जुनं आणि दुसऱ्यात नवं असं लिहू नका.

पासपोर्ट आजच काढा. साधी फी १,५०० रुपये, तत्काळला २,००० जास्त. पोलीस पडताळणीच्या वेळी घरी कुणीतरी असावं लागतं आणि ऊसतोडीला गेलेल्या घरांत नेमकं कुणीच नसतं. म्हणून दिवाळीनंतर अर्ज करू नका, त्याआधी करा. अंटार्क्टिकाची वाट बहुतेकदा दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनवरून जाते आणि पासपोर्टशिवाय व्हिसाचं काम सुरूच होत नाही.

जातीच्या दाखल्याबद्दल नीट वाचा, कारण इथे माझ्या एका विद्यार्थिनीची संधी हुकली. केंद्राच्या एका भरतीला ती राज्याचं नॉन-क्रिमीलेअर घेऊन गेली आणि खुल्या प्रवर्गात मोजली गेली. केंद्राच्या नोकरीला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा लागतो. तो सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज करून मिळतो, पण "केंद्राचा" असं तोंडाने स्पष्ट सांगावं लागतं. शिवाय आपल्याकडचे व्हीजे-एनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) प्रवर्ग केंद्रात तसे नाहीत. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत येतात. तुमची जात तिथे कोणत्या नावाने आहे ते यादीत बघूनच अर्ज भरा.

नोकरीत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. मूळ कागदांचा एक संच, स्वसाक्षांकित झेरॉक्सचे दोन आणि मोबाइलमध्ये पीडीएफ, एवढी तयारी पुरते. मधल्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका, अर्ज एनसीपीओआरच्या संकेतस्थळावरून किंवा जाहिरातीतल्या पत्त्यावरच करा.

निवडीनंतर

यादीत नाव आलं म्हणजे झालं, असं समजू नका. दिल्लीच्या एम्समध्ये वैद्यकीय तपासणी होते, हिवाळी गटाच्या माणसांचं मनही तपासलं जातं. दात आधीच दाखवून घ्या. हिवाळ्यात जहाज येत नाही आणि दाढेचं दुखणं तिथे लहान राहत नाही. रक्तदाब किंवा साखर असेल तर लपवू नका, तिथल्या डॉक्टरवर आणि स्वतःवर तो अन्याय आहे. मग उत्तराखंडात औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत बर्फात वावरण्याचं प्रशिक्षण होतं.

शेवटी परवाना. भारतीय अंटार्क्टिक अधिनियम २०२२ प्रमाणे भारतीय मोहिमेतून तिथे जायला परवाना लागतो. सदस्यांचा परवाना मोहीम चालवणारी संस्था बघते, पण संशोधन प्रस्ताव देणाऱ्याला कोणते नमुने, किती, कोणती रसायनं, कचरा परत कसा आणणार, हे सगळं लिहून द्यावं लागतं. पक्ष्यांना, सीलना त्रास देणं गुन्हा आहे. बाहेरची वनस्पती किंवा प्राणी नेणं गुन्हा आहे. निर्जंतुक न केलेली मातीसुद्धा नेता येत नाही.

हा मुद्दा आपल्या माणसाने जास्त मनावर घ्यावा. अंटार्क्टिकावर मूळच्या फुलणाऱ्या वनस्पती फक्त दोन आहेत. माणसांबरोबर गेलेलं एक गवत तिथल्या द्वीपकल्पाच्या बाजूला आधीच रुजलं आहे. गाजरगवताने आपल्या बांधांचं काय केलं ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपले बूट काळ्या मातीत चाललेले असतात, पायजम्याच्या शिवणीत कुसळ असतं, जॅकेटच्या चिकटपट्टीत गोखरू अडकलेलं असतं. म्हणून सामान भरण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासा, खाचांतली माती काडीने काढा. खिसे उलटे करून झटका. पांढऱ्या कपड्यावर बूट आपटून बघा. काळा कण पडला तर पुन्हा धुवा, आणि पडायचा थांबला की उन्हात वाळवून पिशवीत भरा.