पिवळी पडलेली हिरवळ मेलेली नसते

मे महिना लागला की आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एकच तक्रार सुरू होते : लॉन पिवळं पडलं, माळी पाणी घालत नाही. यंदा मी त्या पिवळ्या गवतात बसलो आणि खुरप्याच्या टोकाने एक झुपका उकरला. वरची पाती इतकी सुकलेली, की बोटांत चुरली तर भुगा. पण मातीला धरून सरपटणाऱ्या खोडाची साल नखाने खरवडली, तर आत ओलसर, फिकट हिरवा रंग. गवताने पाती सोडून दिली होती आणि जीव पेरांत नि जमिनीखालच्या खोडांत राखला होता.

आमचं लॉन हरळीचं, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांचंच. दूर्वा वाहताना म्हणतात त्या मंत्रात तिला कांडाकांडातून, पेरापेरातून फुटणारी म्हटलंय. किती बारकाईने पाहिलं असेल! सरपटत्या खोडाच्या पेराला खाली मुळं फुटतात आणि वर कोंब. शिवाय गवताचं पातं वाढतं ते बुडापासून, टोकाकडून नाही. म्हणून गाय चरून गेली काय किंवा मशीन फिरलं काय, पातं खालून पुन्हा वर येतं.

याचा अर्थ कितीही खरवडून कापावं असा मात्र नाही. अन्न तयार होतं ते पात्यातच. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापलं, तर नवी पाती काढण्यासाठी साठवलेलं अन्न खर्ची पडतं आणि मुळांची वाढ खुंटते. पावसाळ्यात तीन आठवडे मशीन बंद राहतं, मग एका दिवसात सगळं भुईसपाट केलं जातं आणि पांढरट खोडं उघडी पडतात. मला वाटतं, लॉनचं सर्वांत जास्त नुकसान याच दिवशी होतं.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ५०० चौरस मीटर हिरवळीला रोज ५ मिलिमीटर द्यायचं तर २,५०० लिटर लागतात. दहा हजार लिटरचा टँकर चार दिवसांत संपला! एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं, पाणी उरत असेल तर जरूर द्यावं. पण प्यायच्या पाण्याचे टँकर येतात त्या महिन्यात केवळ रंगासाठी हे करू नये. अधूनमधून एकदा, पण मुरेपर्यंत पाणी दिलं तरी हरळी तग धरते. रोज नुसतं शिंपडलं तर ओल वरच राहते आणि मुळंही वरवरच पसरतात.

ऊस, ज्वारी, मका यांच्यासारखीच हरळी पानात कार्बन डायऑक्साइड आधी एकवटते आणि मग त्यापासून साखर बनवते. त्यामुळे उन्हात कमी पाण्यावर तिचं भागतं, पण थंडी मात्र सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठल्या की ती मंदावते; तेव्हा युरिया टाकून काही साधत नाही. शेणखत, मातीचा पातळ थर, मोकळ्या जागी नवी लागवड, हे सगळं जूनमध्ये. झाडांच्या दाट सावलीत तर लागवडीचा हट्टच नको, हरळीला ऊन हवंच.

पावसाळ्यात एखादा पट्टा अचानक वाळला आणि साळुंक्या तिथेच टोचे मारू लागल्या, तर गवत मुठीत धरून ओढून बघा. गालिच्यासारखं उचललं गेलं, तर खाली हुमणी आहे. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी, मुळं खाऊन पोसलेली. तोवर उशीर झालेला असतो. शेतकरी तिला आधीच गाठतात. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की तिन्हीसांजेला तिचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि नंतर मातीत अंडी घालतात. त्या रात्री बॅटरी घेऊन सोसायटीतल्या कडुनिंबाखाली जायचं, फांद्या हलवायच्या आणि खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे.