नवा बेस आणि पहिलं प्रोग मेटल गाणं : आमच्या ग्राहकांसाठी

शहापूरच्या आमच्या दुकानात हार्मोनियम आणि तबल्याच्या शेजारी आता बेस गिटारही टांगलेली असते. ती न्यायला येणारी बरीचशी मुलं-मुली टूल किंवा ड्रीम थिएटर हे प्रोग मेटल (अवघड, बदलत्या तालांचं जड रॉक) वाजवणारे बँड ऐकून आलेली असतात. घरी जाऊन पहिल्याच आठवड्यात त्यांतलं सगळ्यात अवघड गाणं काढतात, आणि दोन-तीन महिन्यांत बेस कपाटावर जाते. असं झालं की आम्हाला मनापासून वाईट वाटतं. म्हणून बेससोबत हे पत्रक देतो.

आधी मोजा, मग वाजवा

गाणं निवडताना बोटांना जमेल का, हा विचार दुसरा. पहिली परीक्षा मांडीवर हात ठेवून घ्या. गाणं लावा, ताल धरा, आणि शेवटपर्यंत सम सुटते का बघा. सुटली नाही तर ते गाणं तुमचं. प्रोग मेटलमध्ये नुसता वेग अवघड नसतो. चार मात्रांची सवय झालेल्या कानाला मध्येच सात येतात, मग पाच येतात, आणि बोटं तिथे अडकतात.

आपल्या भागातल्या मुलांकडे इथे मोठी शिदोरी आहे. भजनाला बसलेल्या, दिंडीत चाललेल्या माणसाला आवर्तन समजावून सांगावं लागत नाही. खानापूरकडचा एक मुलगा गावच्या भजनात मृदंग वाजवायचा. त्याला पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं ‘मनी’ ऐकवलं, तर चौथ्या आवर्तनाला तो तोंडाने ‘ती ती ना, धी ना, धी ना’ म्हणू लागला. सात मात्रा, रूपक! फरक एवढाच की रूपकाची सम ‘खाली’च्या मात्रेवर येते, हलकी असते; रॉकमध्ये पहिल्या मात्रेलाच वजन असतं. आतले खंडही ३-२-२ असेच पडतील असं नाही. पण सातनंतर परत पहिल्यावर यायची सवय अंगात असली की अर्धं काम झालं.

म्हणूनच पहिलं गाणं म्हणून आम्ही १९७३ चं ‘मनी’च सुचवतो. ते मेटल नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण रॉजर वॉटर्सची ती बेसची ओळ सात मात्रांची आहे, पुन्हापुन्हा येते, मधल्या गिटार सोलोला गाणं चार मात्रांत जातं आणि नंतर परत सातवर येतं. ताल बदलतो तेव्हा काय करायचं, याचा पहिला धडा एकाच गाण्यात मिळतो.

चार तारा पुरतात

“पाच तारांची बेस घेऊ का?” हा प्रश्न रोज येतो. पहिल्या वर्षी नको. टूलची बरीच गाणी ड्रॉप डी लावून वाजतात. त्यासाठी सगळ्यात जाड ई तार एक सूर खाली, डीवर आणायची, बाकीच्या तीन तशाच. कंपनं सेकंदाला सुमारे ४१ असतात, ती ३७ च्या जवळ येतात. मधली एक तार सोडून पुढची तार आधीच डी असते. तिच्याशी जुळवा, बरोबर एक सप्तक खाली. तंबोऱ्याच्या तारा जुळवताना ऐकलेल्या कानाला हे पटकन कळतं. नेहमीच्या ४५ ते १०५ जाडीच्या तारा इतपत उतरवल्या तर चालतात. फार खाली नेल्या तर ढिल्या पडून फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खडखडतात.

मेशुगा या बँडचं २००८ चं ‘ब्लीड’ काढून द्या म्हणणारे येतात. ते आठ तारांच्या गिटारवर रचलेलं आहे, आणि त्यातली लय भल्याभल्यांना दमवते. ऐका जरूर, शिकायला आत्ता घेऊ नका.

ड्रॉप डी जमल्यावर टूलचं १९९३ चं ‘सोबर’ घ्या. चाल संथ, मोजणी चारची, आणि पॉल डामूरची बेस सुरुवातीपासून वेगळी ऐकू येते. त्यानंतर हवं तर ओपेथ या बँडचा २००३ चा ‘डॅम्नेशन’ अल्बम. त्यात घशातून केलेली गुरगुर नाही, आवाज मोकळा आहे, त्यामुळे त्यांचा बेसवादक मार्टिन मेंडेझ कुठे सूर धरतो आणि कुठे सोडतो हे नीट कळतं.

‘स्किझम’ची वेळ

टूलचं २००१ चं ‘स्किझम’ प्रत्येकाला हवं असतं, आणि ते रास्तच आहे; जस्टिन चॅन्सेलरच्या बेसवरच ते गाणं उभं आहे. मुख्य रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी छोटी ओळ, पाच आणि सात मात्रांची जोडी आहे. पाचासाठी झपतालाचा अर्धा भाग म्हणा : ‘धी ना, धी धी ना’. म्हैसूरकडच्या मृदंगवाल्यांकडे हेच पाच खंड चापू आणि सात मिश्र चापू म्हणून येतात. महिनाभर फक्त तोंडाने म्हणा, टाळी द्या, आणि मगच बेस हातात घ्या. डाव्या हाताने तार ठोकून आणि ओढून सूर काढायची सवय त्याआधी हवी, म्हणून आम्ही हे सहा महिन्यांआधी देत नाही.

ड्रीम थिएटरचं ‘पुल मी अंडर’ (१९९२) आठ मिनिटांहून मोठं आहे. सगळं घेऊ नका, एक भाग पक्का करा. त्याच अल्बममधल्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये जॉन म्युंग दोन्ही हातांनी बेसच्या मानेवर बोटं ठोकतो, ते पुष्कळ पुढचं.

घरी बसताना

“बेस ऐकूच येत नाही” म्हणणारे बहुतेक जण फोनच्या स्पीकरवर ऐकत असतात. एवढा खालचा सूर त्या स्पीकरला पेलत नाही. इयरफोन लावा. गाणं पाऊणपट वेगाने लावा. आता फोनवर वेग कमी केला तरी पट्टी बदलत नाही.

हात लहान असेल तर घाबरू नका. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटची जागा सुमारे ४८ मिलिमीटर असते, बाराव्याच्या पुढे ती निम्मी होते. म्हणून सुरुवातीला पाचव्या फ्रेटपुढे वाजणारी रिफ निवडा. बोटांची टोकं दुखणं साहजिक आहे. मनगट दुखलं तर मात्र लगेच थांबा आणि आम्हाला येऊन दाखवा.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूर भागात, ओलाव्याने बेसची मान हलते आणि तारा उंच किंवा खाली येतात. मग सोपी रिफही जड वाटू लागते आणि मुलं स्वतःला दोष देतात. गणपतीच्या आधी एकदा बेस घेऊन या. आमच्याकडून नेलेल्या बेसची मान आणि तारांची उंची पहिल्या वर्षी आम्ही पैसे न घेता नीट करून देतो. येताना निवडलेलं गाणं फोनमध्ये घेऊन या, तिथेच बसून मोजून बघू.